पाणी लाल होतं

संपादकांनी फोनवर सांगितलं की धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. गमती आहेत माझ्याकडे. चंद्रपुरात बसून मी जाहिराती, माहितीपट, उद्घाटनांच्या चित्रफिती बनवल्या, केस पांढरे होईपर्यंत बनवल्या. पण लिहायला बसलं की हसू यायच्या आधी राग येतो. तेव्हा गमती आधी उरकून घेते.

आमच्या धंद्यात सगळं ‘ब्रीफ’वर चालतं. शिंप्याला आपण माप देतो आणि गळा कसा हवा ते सांगतो, तसं गिऱ्हाईक आम्हाला सांगतं: फिल्म कशाबद्दल, कोणासाठी, किती मिनिटांची, काय दाखवायचं. ते कागदावर असेल, तोंडी असेल, कधी नुसत्या हातवाऱ्यांनी असेल. ब्रीफ कळलं तर काम निम्मं झालं. आणि ब्रीफ कळणं म्हणजे गिऱ्हाईक काय बोललं ते कळणं नव्हे. त्यानं काय बोलायचं टाळलं ते कळणं.

चंद्रपूरच्या गिऱ्हाइकाचं पहिलं मागणं वाघ. माझ्याकडे एक दातांचे डॉक्टर आले होते, त्यांनाही जाहिरातीत वाघ हवा होता. एक सराफ मोबाईलवर मुंबईची कुठलीशी जाहिरात घेऊन आले आणि म्हणाले, हेच करा, फक्त आमच्या दुकानात. त्या जाहिरातीत राजवाडा होता, त्यांचं दुकान दहा बाय बाराचं. हे ‘असंच पाहिजे’ वालं ब्रीफ. त्यात गिऱ्हाइकाला स्वतःचं काहीच नको असतं, दुसऱ्याचं सगळं हवं असतं. मग एक सरकारी नमुना असतो: आधी फिल्म बनते, ती मंजूर होते, आणि त्यानंतर फाईलला लावायला ब्रीफ लिहून मागतात. ते मीच लिहून द्यायची. माझ्याच फिल्मचं, मागच्या तारखेचं.

सगळ्यात चोख ब्रीफ मला भद्रावतीच्या एका निवृत्त कामगारानं दिलं. मुलगी परदेशात होती, तिच्यासाठी त्याला आपला रोजचा रस्ता चित्रित करून हवा होता. कॅलेंडरच्या पानामागे त्यानं लिहून आणलं होतं: घरून सायकल, वडाचा पार, चहाची टपरी, गेट. खाली ओळ होती, ‘गेटच्या आत नको, परवानगी नाही.’ काय हवं, काय नको आणि का नको, सगळं अर्ध्या पानावर. त्यानंतर मी पन्नास-पन्नास पानांची ब्रीफं पाहिली. तेवढा सरळपणा एकातही नव्हता.

झाल्या गमती.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं काम आलं. नाव लिहीत नाही. त्यांनी समाजकार्याच्या निधीतून धानोरा तालुक्यातल्या एका गावात नळयोजना केली होती, तिची फिल्म हवी होती. ज्या अधिकाऱ्यानं काम दिलं त्यांना मी इथं नुसतं साहेब म्हणते. सभ्य माणूस होता. आवाज कधी चढवायचा नाही, चहा विचारल्याशिवाय बसू द्यायचा नाही. मला आता असल्या सभ्यपणाचा जास्त राग येतो.

त्यांचं ब्रीफ देखणं होतं, रंगीत छापलेलं. त्यात लिहिलं होतं: ‘लाभार्थी मनोगते, नग तीन. एक महिला (पारंपरिक वेशात), एक विद्यार्थी, एक ज्येष्ठ नागरिक. चेहरे हसरे असावेत.’ माणसांना नग म्हटलंय, हे मला त्या दिवशी खटकलंसुद्धा नाही. इतकी सवय झाली होती.

गजूभाऊ, म्हणजे माझे कॅमेरामन, आणि मी गावात पोचलो. गोंड वस्ती, पन्नासेक घरं, गावाच्या टोकाला निळी नवी टाकी. गावातली आशा कार्यकर्ती मनीषा आमच्यासोबत होती, गोंडीचं मराठी करून द्यायला. तिनंच तिची सासू जैनीबाई हिला बोलायला तयार केलं. साहेबांनी बाईंसाठी नवी साडी पाठवली होती. जैनीबाईनं ती उलगडून पाहिली, घडी घातली आणि मनीषाच्या हातात दिली. आपली साडी आपल्या अंगावर आहे म्हणाली, हिच्यातच बोलतो.

बोलली मात्र भरभरून. गोंडीत बोलली, अठरा मिनिटं. नळ आला तेव्हा बायांनी फुलं वाहिली म्हणे. पाणी पांढरंशुभ्र आलं. गुंड भरून घरात ठेवला (आमच्याकडे हंड्याला गुंड म्हणतात) आणि पाऊण तासात पाण्याला लाल रंग चढला. जमिनीतच लोह आहे तिथल्या. बोअरमधून वर येतं तेव्हा पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की गंज धरतं. त्या पाण्यानं भात लाल होतो, धुतलेलं लुगडं लाल होतं, लेकरं तोंडात घेऊन थुंकतात. म्हणून नळ दारात असून बाया प्यायचं पाणी अजून नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरूनच आणत होत्या. जैनीबाईनं कंपनीला शिव्या दिल्या नाहीत. तक्रारही म्हणता येणार नाही असं ते बोलणं होतं. तिला वाटत होतं की हे लोक एवढ्या लांबून कॅमेरा घेऊन आलेत ते पाण्यात काय बिघडलंय ते बघायलाच.

गजूभाऊंनी नळ, नळाखालचा गुंड आणि आतून लालसर थर धरलेला दुसरा जुना गुंड, असं सगळं टिपलं. मी मनीषाला विचारून पडद्यावर खाली यायच्या मराठी ओळी तयार केल्या. त्यातली एक होती, ‘पाणी लाल होतं.’ म्हणजे लाल बनतं. जैनीबाई तेच म्हणाली होती.

फिल्म साहेबांना पाठवली. मला वाटलं होतं, ते चिडतील. त्यांनी दोन दिवसांनी शांतपणे नऊ दुरुस्त्यांची यादी पाठवली. बहुतेक साध्या होत्या, बोधचिन्ह मोठं करा, पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ बघा. सहावी होती: ‘गुंड ठेवावा, नळ काढावा.’ सातवी: ‘पाणी लाल होतं या ओळीआधी पूर्वी हा शब्द घालावा. (व्याकरण.)’ आणि आठवी: ‘हा भाग नळाच्या उद्घाटनाच्या अगोदर घ्यावा.’

मी यादी गजूभाऊंना वाचून दाखवली. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, “ताई, हे व्याकरण नाई.”

मला कळलं नव्हतं असं नाही. पहिल्याच वाचनात कळलं होतं. एक शब्द घातला की बाई आजचं सांगत नव्हती, गेल्या काळातलं सांगत होती. नळ कापला की तो लाल गुंड झिऱ्याच्या पाण्याचा झाला. तिचाच चेहरा, तिचाच आवाज, तिच्याच घरातला गुंड, आणि सगळं मिळून उलटं. आम्हाला खोटं काहीच बनवायला लागणार नव्हतं. नुसती जागा बदलायची होती.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, योजना चांगली आहे, थोडी तांत्रिक अडचण आहे ती सुटेलच, परवा कार्यक्रम आहे, पाहुणे ठरलेत. एवढ्याशा अडचणीसाठी सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी कशाला ओतायचं. खरंच पाणी हा शब्द वापरला त्यांनी, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी ‘पूर्वी’ टाइप केलं.

का केलं याचं उत्तर मी खूप शोधलंय. कोणी धमकी दिली नव्हती. दुरुस्ती आली की करायची, ही बोटांना लागलेली सवय होती. आणि दुसरं कारण आहे ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते: सभागृहात गोंडी कोणाला येणार आहे, असा विचार मी केला होता.

कार्यक्रम चंद्रपुरात, सकाळी अकराला. मी लॅपटॉप घेऊन भिंतीशी उभी होते. तेवढ्यात साहेबांनी पाठवलेल्या गाड्यांतून जैनीबाई उतरली, मनीषा उतरली, गावातली आणखी आठ-दहा माणसं उतरली. लाभार्थी म्हणून सत्कार करायला आणलं होतं त्यांना. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या ब्रीफमध्ये ते नव्हतं.

फिल्म सुरू झाली. जैनीबाई स्वतःला पडद्यावर बघून जराशी पुढे सरकली. तिला मराठी वाचता येत नाही. मनीषाला येतं. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मनीषाकडे बघत होते. ती ओळ आली तशी तिची मान वळली, मग ती सासूच्या कानाशी लागली आणि फिल्म संपेपर्यंत तिथून हलली नाही. टाळ्या झाल्या. जैनीबाईला वर बोलावून शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. माइक दिला नाही.

ती मंचावरून उतरली ती सरळ माझ्याकडे आली. आता ती मराठीत बोलली, मला मध्ये कोणाची गरज राहू नये म्हणून.

“मी पूर्वी म्हटलंच नाई. पूर्वी कोन म्हटलं?”

मी म्हणाले, चुकलं बाई.

तिनं मला नीट पाहून घेतलं. “चुकलं का लिवलं?”

आयुष्यात मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नाही. मी म्हणाले, “लिवलं.”

ती बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली. जेवण होतं, ते तिनं घेतलं नाही. मला तिथं साहेबांचा राग आला, पाहुण्यांचा आला, टाळ्या वाजवायला आणून बसवलेल्या कंपनीच्या बिचाऱ्या प्रशिक्षणार्थी पोरींचासुद्धा आला. स्वतःचा राग सगळ्यांत उशिरा आला, पण तो आला आणि मग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना लिहून कळवलं की फिल्ममधला मजकूर चुकीचा आहे, तो दुरुस्त करून देते, ही फिल्म मागे घ्या. त्यांनी उत्तर दिलं की फिल्म मंजूर झालेली आहे आणि सगळं चित्रण कंपनीच्या मालकीचं आहे. ते बरोबरच होतं. करारात तसंच होतं आणि सही माझी होती. पण न कापलेल्या चित्रणाची एक प्रत माझ्या कपाटात होती. गजूभाऊंनी विचारलं, मग ताई, जायचं का. आम्ही गेलो.

गावात त्या दिवशी ग्रामसभा होती. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या आणि भिंतीवर जैनीबाईची अठरा मिनिटं न कापता दाखवली. कोणी माझे आभार मानले नाहीत. एका म्हाताऱ्या भाऊंनी विचारलं, तू इथी हात धुवाले आली का? दुसऱ्या एकीनं विचारलं की तुझ्या घरच्या बाईचं बोलणं असं फिरवलं असतं का. मी ऐकून घेतलं. दोनेक तास ऐकून घेतलं. गजूभाऊ माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते, एकदाही मध्ये पडले नाहीत. ते बरं केलं त्यांनी.

मग मनीषा उभी राहिली. ती म्हणाली, यांच्याकडे मशीन आहे, यांना काम येते, आता आपल्यासाठी बनवू द्या, पण आपण सांगतो तसं. त्यावर गोंडीत बराच वाद झाला. शेवटी जैनीबाई बोलली आणि मनीषानं ते सभेच्या रजिस्टरमध्ये मराठीत लिहिलं. मी आयुष्यात घेतलेल्या ब्रीफांपैकी तेवढं एकच मला पाठ आहे:

‘नळातून पाणी पडते तिथून सुरू करायचे. गुंड भरतो. पाणी लाल होईपर्यंत मशीन बंद करायची नाही. मध्ये कोणी बोलायचे नाही. तयार झाल्यावर आधी गावाला दाखवायचे, मग साहेबांना.’

मी धंद्यातली म्हणून सांगून पाहिलं, की एवढं लांबलचक कोणी बघत नाही, आपण ते अर्ध्या मिनिटात पळवून दाखवू शकतो. जैनीबाई म्हणाली, “आमी रोज बसून पाह्यतो. त्याहीनं एक डाव पाहाव.” मी त्याखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजूभाऊंनी तिच्या अंगणात कॅमेऱ्याची तिवई लावली. स्टीलचा गुंड, आत प्रकाश पडेल असा ठेवलेला. नळ सुटला, गुंड भरला, नळ बंद झाला. त्यानंतर काहीच घडत नव्हतं. कोंबडी आली आणि गेली. जैनीबाई भिंतीला टेकून मोहफुलं निवडत होती. बराच वेळ पाणी पाण्यासारखंच होतं. मग कडेनं पिवळी झाक आली, इतकी हळू की मला आधी भास वाटला. शेवटी गुंडाचा तळ दिसेनासा झाला. सत्तेचाळीस मिनिटं गजूभाऊंनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. ते मला नंतर म्हणाले की एवढ्या वर्षांत एवढं अवघड चित्रण केलं नव्हतं, कारण काहीच करायचं नव्हतं.

गावाला दाखवलं, गावानं मान्य केलं. मग ग्रामसभेनं अर्ज करून धानोऱ्यात बैठक लावून घेतली. पाण्याच्या खात्याचे एक इंजिनिअर होते, दोन-तीन अधिकारी होते, आणि साहेब होते. योजनेच्या कागदांत ‘पाणी स्वच्छ दिसते’ असा शेरा होता, आणि नळाखाली बाटली धरली तर तो खरा होता.

मी लॅपटॉप लावला. गुंड भरला. पाचव्या मिनिटाला खुर्च्या वाजायला लागल्या. दहाव्या मिनिटाला साहेब नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, मॅडम, जरा पुढे घ्या ना, सगळ्यांना कामं आहेत. माझी बोटं कळफलकावरच होती. ती सवय अजून गेली नव्हती. जैनीबाई समोरच्या खुर्चीतून वळली नाही, फक्त बोलली.

“पुढं नाई घ्यायचं. बसा.”

मी हात मांडीवर ठेवले. कोणी मोबाईल काढला, कोणी जांभई दिली. पण खोलीतून कोणी उठलं नाही, कारण गावातली वीस माणसं दाराशी बसली होती आणि ती पडद्याकडे न बघता ह्या लोकांकडे बघत होती. इंजिनिअरसाहेब मात्र अर्ध्यानंतर खुर्ची सोडून पडद्याजवळ गेले आणि उभ्यानंच शेवटपर्यंत बघत राहिले. संपल्यावर ते साहेबांना ओलांडून गावातल्या माणसांकडे आले. त्यांनी मनीषाला विचारलं की नळ सुटल्यावर किती वेळानं पाणी भरतेस आणि ते कुठल्या बोअरचं, आणि वहीत लिहून घेतलं.

टाकीजवळ लोह गाळायचं यंत्र बसायला त्यानंतर एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा गेला. पण बसलं. ते चालवायला मनीषा आणि आणखी दोघी शिकल्या. भात पांढरा होतो आता. मला कंपन्यांची कामं येणं बंद झालं, करार मोडणारी बाई म्हणून माझं नाव जिथं पोचायचं तिथं पोचलं. त्याचं मला दुःख नाही असं म्हणणार नाही, काम माझ्या आवडीचं होतं. पण राग त्याचा नाही.

राग गेल्या वर्षीच्या फोनचा आहे. ती जुनी फिल्म अजून कंपनीच्या संकेतस्थळावर आहे. ती काढा म्हणून मी तीन पत्रं पाठवली होती. शेवटी साहेबांचा फोन आला, आवाज तसाच, मऊ. म्हणाले, मॅडम, आता कशाला त्रास करून घेता. यंत्र बसलं, पाणी साफ झालं. आता तर ते वाक्य बरोबर आहे की नाही? पूर्वी पाणी लाल होतं.

 व्याकरणानं ते बरोबरच होतं. ज्यांनी सत्तेचाळीस मिनिटं बसून बघायला लावलं, त्यांच्या कष्टानं ह्यांचं खोटं खरं झालं होतं, आणि साहेब आता त्याची पावती मागत होते.

मी विचारलं, ती फिल्म लोकांना दाखवली त्या दिवशी यंत्र बसलं नव्हतं, ते तुम्हाला ठाऊक आहे ना. हो म्हणाले. मग म्हटलं, फिल्म काढू नका. ‘पूर्वी’ही राहू द्या. फक्त त्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख टाका.

ते म्हणाले, वर विचारून सांगतो.

मी परवाच पाहिलं. तारीख अजून टाकलेली नाही.